फिजीतलं माध्यम स्वातंत्र्य

दक्षिण पॅसिफिकमधल्या फिजीत वर्तमानपत्रांची परंपरा बरीच जुनी. फिजी टाइम्स १८६९ ला लेव्हुकात सुरू झाला तो आजही निघतो, शिवाय मूळ रहिवाशांच्या आयतौकेई भाषेतला नाई लालाकाई आहे आणि गिरमिटियांच्या (करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या) वंशजांसाठी १९३५ पासूनचा हिंदी शांतिदूत.

डिसेंबर २००६ मध्ये लष्करप्रमुख फ्रँक बैनिमारामांनी सत्ता ताब्यात घेतली, तेव्हापासून पत्रकारांवर दबाव होताच, पण खरी गळचेपी एप्रिल २००९ ची. कोर्टाने सरकार बेकायदा ठरवलं तर दुसऱ्याच दिवशी राज्यघटना रद्द, आणीबाणी लागू आणि न्यूजरूममध्ये सरकारी सेन्सॉर येऊन बसले, त्यांनी पास केल्याशिवाय काहीच छापायचं नाही. त्या रविवारी फिजी टाइम्सने काढून टाकलेल्या बातम्यांच्या जागा कोऱ्याच ठेवून अंक काढला, सरकारी निर्बंधांमुळे इथलं छापता आलं नाही एवढंच तिथे लिहिलं. केवढी हिंमत लागली असेल!

२०१० ला मीडिया डिक्री, म्हणजे माध्यमांवरचा सरकारी हुकूम आला. परदेशी मालकी जास्तीत जास्त १० टक्के, त्यामुळे माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोक यांच्या कंपनीला फिजी टाइम्स विकावा लागला आणि तो स्थानिक मोतीभाई ग्रुपने घेतला. राष्ट्रहिताविरुद्ध काही छापलं तर संस्थेला १ लाख फिजी डॉलरपर्यंत दंड, माणसाला २ वर्षांपर्यंत तुरुंग, आणि राष्ट्रहित म्हणजे नेमकं काय हे मोघमच ठेवलेलं, म्हणून रिपोर्टर आधीच हात आखडता घ्यायला लागले. सेन्सॉर २०१२ ला गेले तरी ही सवय गेली नाही, आणि सगळ्यात मोठं नुकसान हेच झालं असं म्हणावं लागेल. सरकारी जाहिरातीही फिजी टाइम्सला न देता फिजी सन या दुसऱ्या पेपरला जायच्या, एवढ्याशा मार्केटमध्ये हा मार किती बसतो ते कुठलाही छोटा पेपर चालवणारा सांगेल. नाई लालाकाईत छापलेल्या एका वाचकाच्या पत्रावरून तर फिजी टाइम्सचे संपादक फ्रेड वेस्ली आणि इतरांवर राजद्रोहाचा खटला भरला, मे २०१८ मध्ये सगळे निर्दोष सुटले.

डिसेंबर २०२२ मध्ये सितिवेनी राबुका पंतप्रधान झाले आणि एप्रिल २०२३ ला संसदेने २०१० चा तो माध्यम कायदा रद्द केला. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संघटनेच्या माध्यम स्वातंत्र्याच्या यादीत २०२२ ला १०२ वा असलेला फिजी २०२४ ला ४४ वर आला. पगार मात्र अजून कमीच आहेत, त्यामुळे अनुभवी लोक पीआर (जनसंपर्क) नाहीतर सरकारी नोकरी धरतात आणि मंत्र्यांना अवघड प्रश्न विचारायचं काम नवख्या पोरापोरींवर येतं.