टीएसएच वर, थायरॉईड खाली

थायरॉईड ग्रंथी कमी काम करते तो हायपो, जास्त करते तो हायपर, हे बहुतेकांना ठाऊक असतं. हायपो तर घरोघरी आहे: वजन वाढतं, थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, सारखा थकवा. हायपरमध्ये भूक सपाटून लागते तरी वजन घटतं, छातीत धडधडतं, हात थरथरतात. गलगंड दोन्हींत येऊ शकतो, म्हणून आरशात गळा बघून ठरवू नका.

खरा घोळ रिपोर्ट हातात पडल्यावर. टीएसएच ११.२, शेजारी ठळक 'एच', म्हणजे 'हाय'. लगेच फॅमिली ग्रुपवर: 'आईचा थायरॉईड वाढलाय.' अहो, वाढला नाही, कमी पडतोय! टीएसएच हे हार्मोन थायरॉईडमध्ये तयारच होत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि थायरॉईडला कामाला लावतं. मुकादमासारखं. कामगार ढिले पडले की त्याचा आवाज चढतो, ते जास्तच राबू लागले की तो गप्प. ११.२ हा मुकादमाचा आवाज आहे. प्रत्यक्ष काम किती झालं ते टी३ आणि टी४, म्हणजे थायरॉईडची स्वतःची हार्मोन्स, सांगतात. क्वचित पिट्युटरीच बिघडलेली असते. तेव्हा टी४ कमी असूनही टीएसएच चढत नाही. म्हणून शंका असेल तिथे नुसत्या टीएसएचवर थांबू नये, फ्री टी४ (रक्तातल्या मोकळ्या टी४ची) टेस्टही करावी.

हायपोची गोळी चालू असताना हा घोळ महागात पडतो. टीएसएच वाढलेलं दिसतं आणि लोक 'वाढलाय ना' म्हणून गोळी अर्धी करतात. तिथे बहुधा डोस कमी पडत असतो! याउलट टीएसएच ०.०५ आलं की 'उतरला एकदाचा' म्हणून खूश. तो डोस बहुतेक जास्त होतोय. तसाच चालू राहिला तर उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. डोस डॉक्टरांनी बदलायचा, ग्रुपने नाही.

धण्याचं पाणी खुशाल प्या, पण गोळीऐवजी नको. आणि गोळी चहाबरोबर तर मुळीच नको: उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, मग निदान अर्धा तास काही नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी. डोस बदलल्यावर टेस्ट सहा ते आठ आठवड्यांनी; पंधरा दिवसांत केली तर पैसे पाण्यात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर काही लॅबच्या मशीनवर टीएसएच खोटंच कमी दिसतं.