मुतखड्याची सुई आणि सोनोग्राफी: आधी आलेलं, मागे पडलेलं, परत आलेलं तंत्र

सोनोग्राफी बघत बघत मुतखडा काढला असं कुणी सांगितलं, की हे काहीतरी नवं तंत्र निघालेलं दिसतंय असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात सोनोग्राफीच्या मदतीने मूत्रपिंडात सुई घातल्याचा अहवाल १९७४ सालचा आहे. पाठीतून छोटी वाट करून खडा बाहेर काढल्याची पहिली प्रसिद्ध मालिका १९७६ ची. म्हणजे सोनोग्राफीचा मार्गदर्शक आधीच हजर होता. तरीही पुढची तीसेक वर्षं जगातल्या बहुतेक ऑपरेशन थिएटरांत एक्स-रेचंच राज्य राहिलं. असं का झालं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

एक्स-रेचा शोध १८९५ चा आणि ग्लासगोत जॉन मॅकिन्टायर यांनी त्यावर मूत्रपिंडातला खडा टिपला तो लगेच १८९६ मध्ये. तोवर खडा कुठे आहे हे रुग्णाच्या कळांवरून ताडायचं आणि कुशीत चीर देऊन बोटांनी चाचपायचं, एवढंच सर्जनच्या हाती होतं. एक्स-रेने अर्धा प्रश्न सोडवला. अर्धाच, कारण युरिक अॅसिडचे खडे साध्या एक्स-रेत दिसतच नाहीत. शिवाय मूत्रपिंड उघडल्यावरही लहानसा खडा एखाद्या कप्प्यात दडून बसायचा. मग मूत्रपिंडात जागोजाग सुई टोचायची आणि टोकाला काही खरखरीत लागतंय का ते बघायचं, असले उपाय चालत.

ही अडचण सोडवायला अल्ट्रासाउंड, म्हणजे सोनोग्राफीत वापरतात तोच ध्वनी, पहिल्यांदा मदतीला आला. १९६१ मध्ये श्लेगेल आणि सहकाऱ्यांनी उघड्या ऑपरेशनात खड्याची जागा शोधण्यासाठी त्याचा वापर केल्याचं प्रसिद्ध केलं. त्या काळच्या यंत्रावर आज दिसतं तसं चित्र नसायचं. पडद्यावर एक रेघ असायची आणि ध्वनी कशावर तरी आदळून परत आला की तिच्यावर एक उंचवटा उठायचा. त्या उंचवट्यावरून खडा ओळखायचा. १९७७ मध्ये कुक आणि लिटन यांनी अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून हेच काम पुन्हा मांडलं, तेव्हा यंत्रं बरीच सुधारलेली होती. मात्र तोवर चीर देऊन खडा काढण्याचेच दिवस भरत आले होते.

चिरेला पर्याय तयार झाला तो सुईतून. १९५५ मध्ये लॉस एंजेलिसच्या विलर्ड गुडविन यांनी पाठीतून सुई घालून तुंबलेलं मूत्रपिंड मोकळं करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिची सुरुवात चुकीतून झाली, असं सांगतात. रक्तवाहिन्यांचं चित्र घेण्यासाठी घातलेली सुई भलतीकडे, तुंबलेल्या लघवीच्या पोकळीत शिरली. ही वाट जवळजवळ आंधळी होती. बरगडी कुठे, कणा किती दूर, एवढ्या अंदाजावर सुई आत जायची. मूत्रपिंड फुगलेलं असलं तर सापडायचं. फुगलेलं नसलं तर नेम चुकायची भीती फार.

१९७४ मध्ये कोपनहेगनच्या यान फोग पेडरसन यांनी या सुईला डोळे दिले. त्याच शहरात हान्स हेन्रिक होल्म यांचा गट सोनोग्राफी बघत सुई घालण्याची तंत्रं आधीपासून घडवत होता. त्यांच्या प्रोबला, म्हणजे अंगावर टेकवायच्या सोनोग्राफीच्या दांड्याला, मधोमध भोक असायचं. ध्वनी जिथून शरीरात शिरतो तिथूनच सुईही शिरायची, त्यामुळे पडद्यावरची दिशा आणि सुईची दिशा एकच. कल्पना इतकी साधी, की ती आधीच कुणाला कशी सुचली नाही याचं नवल वाटतं.

मग १९७६ मध्ये स्टॉकहोमच्या फेर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी तीन रुग्णांचे खडे पाठीतल्या वाटेने काढले. वाट हळूहळू, काही दिवस घेऊन रुंद केली होती आणि सगळं एक्स-रेच्या पडद्यावर बघत केलं होतं. जर्मनीत माइन्झमध्ये पेटर आल्केन यांनी जुन्या रेडिओच्या एरिअलसारखे एकात एक सरकणारे धातूचे डायलेटर वापरून हीच वाट झटपट रुंद करायची सोय केली. त्यांचा १९८१ चा लेख पीसीएनएलच्या, म्हणजे ज्याला लोक ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणतात त्याच्या, पायाभरणीचा मानला जातो. माइन्झमध्येच १९७७ च्या सुमारास कुर्ट यांनी मूत्रपिंडातला मोठा खडा अल्ट्रासाउंडच्या कंपनाने फोडून दाखवला होता. इथे गल्लत व्हायला नको. तो अल्ट्रासाउंड म्हणजे खडा फोडणारा दांडा. वाट दाखवणारा अल्ट्रासाउंड तो नव्हे.

जर्मनीत सोनोग्राफी आणि एक्स-रे जोडीने वापरायची पद्धत रुजली. इतरत्र, विशेषतः अमेरिकेत, सी-आर्म, म्हणजे थिएटरातलं सरकतं एक्स-रे यंत्र, हाच राजा झाला. याला डॉक्टरांची आळशी सवय म्हणणं अन्यायाचं होईल. कारण सुई घालणं ही फक्त पहिली पायरी. त्यानंतर तिच्यातून तार सरकवायची, तारेवरून डायलेटर, त्यावरून शीथ, म्हणजे वाट उघडी ठेवणारी नळी. एक्स-रेत हे सगळं एकाच चित्रात काळंभोर उठून दिसतं आणि तार मूत्रनलिकेत उतरली की सर्जन निर्धास्त होतो. त्या काळच्या सोनोग्राफीच्या भुरकट पडद्यावर बारीक तार हरवून जायची. त्यातच अमेरिकेत सुई अनेकदा रेडिऑलॉजिस्ट घालायचा आणि सर्जन पुढचं काम करायचा. ज्याने प्रोब कधी हातात घेतला नाही तो त्यावर भरवसा कसा ठेवणार? माझ्या मते सोनोग्राफी मागे पडण्याचं हेच सर्वांत मोठं कारण आहे.

याच सुमारास ७ फेब्रुवारी १९८० ला म्युनिकमध्ये शॉकवेव्हने, म्हणजे धक्क्याच्या लहरींनी, पहिल्या रुग्णाचा खडा बाहेरूनच फोडला गेला. त्या यंत्राच्या प्रयोगांत खड्यावर नेम धरायला आधी सोनोग्राफीच वापरून पाहिली होती. ती पुरी पडली नाही आणि दोन बाजूंनी एक्स-रे लावावा लागला. पुढच्या पिढीतल्या काही यंत्रांत मात्र ती परतली.

पीसीएनएलमध्ये ती परतली त्यामागे मुख्यतः किरणांची धास्ती आहे. मुतखडा पुन्हा पुन्हा होतो, त्यामुळे एकाच रुग्णाच्या वाट्याला आयुष्यात कितीतरी एक्स-रे आणि सीटी स्कॅन येतात. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्याबाबत तर प्रश्न आणखी नाजूक. थिएटरातली माणसं तर रोजच लेड एप्रनचं ओझं अंगावर घेऊन उभी असतात. किरणसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगासाठीची कामावरची मर्यादा वर्षाला १५० मिलिसीव्हर्टवरून सरासरी २० वर आणली. त्यानंतर ‘चालायचंच’ म्हणून विषय सोडून देणं अवघड झालं. दरम्यान सोनोग्राफीचा पडदाही बदलला होता.

आजची पायरी जवळून पाहिली तर फरक लगेच कळतो. मूत्रनलिकेतल्या बारीक नळीतून सलाइन सोडलं की मूत्रपिंडाचे कप्पे पडद्यावर काळे होऊन उमलतात. खडा पांढरा चमकतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते, मग तो युरिक अॅसिडचा का असेना. सुई ध्वनीच्या पातळ पट्ट्यात असेल तरच पांढरी रेघ होऊन दिसते. पट्टा जरासा सरकला तरी गायब! म्हणून हात मागेपुढे किंचित हलवून टोक शोधायचं. कप्प्यात शिरल्यावर आतली सळई काढली आणि लघवीचा थेंब आला की काम फत्ते. वाटेतलं आतडं, यकृत, प्लीहा, फुफ्फुसाचं आवरण हे सगळं याच पडद्यावर दिसतं, जे सी-आर्मवर दिसत नाही. रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा डॉपलर लावला तर मोठी रक्तवाहिनीही चुकवता येते.

तरी सवय लवकर सुटली नाही. २००७ ते २००९ दरम्यान अनेक देशांतल्या रुग्णालयांतून गोळा केलेल्या पीसीएनएलच्या माहितीचं एक विश्लेषण २०१३ मध्ये आलं. त्यात सुमारे ८६ टक्के रुग्णांत वाट एक्स-रेवर काढलेली होती. खडे निघण्याचं प्रमाण दोन्ही पद्धतींत जवळपास सारखंच होतं. तोवर चीनमध्ये काही केंद्रांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त सोनोग्राफीवर शेकडो ऑपरेशनं केली होती आणि नडियादमध्ये महेश देसाई यांच्यासारखे सर्जन सोनोग्राफीवरची सुई शिकवत होते. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या सर्जननी हे तंत्र बीजिंगच्या सर्जनकडून उचललं.

सोनोग्राफीचं घोडं आजही एका ठिकाणी अडतं. खडा फोडून झाल्यावर आत रक्ताच्या गुठळ्या आणि हवेचे बुडबुडे असतात. तेही पांढरे चमकतात आणि उरलेल्या तुकड्यासारखे दिसतात. स्थूल रुग्णात किंवा न फुगलेल्या मूत्रपिंडात तर सुरुवातीची वाटही धूसर होते. त्यामुळे सबंध ऑपरेशन सोनोग्राफीवर करणारे सर्जनही शेवटी लवचीक दुर्बीण आत फिरवून प्रत्येक कप्पा डोळ्यांनी तपासतात आणि शंका उरलीच तर भिंतीकडे सरकवलेला सी-आर्म एकदा टेबलाजवळ ओढून घेतात.