कृतिसंशोधन आणि सहयोगी संशोधन: फाइल सारखी, काम वेगळं

मागच्या हिवाळ्यात शिक्षण परिषदेला गेलो होतो. चहाच्या वेळी केंद्रप्रमुख म्हणाले, "सर, तुमच्या शाळेत विद्यापीठातून कोणी मॅडम येतात म्हणे. मग ते कृतिसंशोधनाच्या रकान्यात टाकून देऊ का?" मी नको म्हटलं. "मग काय नवोपक्रम आहे का?" तेही नाही. रकाना रिकामा राहिला आणि माझा चहा थंड झाला.

घोळ होणं साहजिक आहे. दोन्हीकडे शिक्षक असतो, वर्ग असतो, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी असते, शेवटी एक अहवाल असतो.

कृतिसंशोधन आपण बी.एड.ला केलेलं असतं. वर्गात अडचण दिसते, तिची संभाव्य कारणं मांडायची, एक उपाय ठरवायचा, तो काही आठवडे करून बघायचा आणि फरक पडला का ते तपासायचं. हा शब्द रूढ केला तो समाजमानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी, १९४६ च्या सुमारास. शाळांमध्ये तो आणण्याचं मोठं श्रेय अमेरिकेतल्या स्टीफन कोरी यांना जातं, त्यांचं पुस्तक १९५३ चं. प्रश्न शिक्षकाचा, उपाय शिक्षकाचा, निष्कर्षही त्याच वर्गापुरता. डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) अधिव्याख्यात्यांनी मार्गदर्शन केलं तरी ते कृतिसंशोधनच राहतं, कारण मार्गदर्शक त्या प्रश्नात स्वतः अडकलेला नसतो.

पद्धत चांगलीच आहे. आपण तिचं काय केलं, ते सांगायला मात्र लाज वाटते. उत्तरचाचणीत गुण वाढलेच पाहिजेत असा जणू अलिखित नियम आहे. गुण घटले असं लिहिलेला अहवाल मी तरी आजवर पाहिला नाही. नागपूरच्या बर्डीवर स्पायरल बाइंडिंग करायचं, फाइल कपाटात ठेवायची, झालं.

सहयोगी संशोधनात प्रश्नच दोघांचा असतो. संशोधकाला शिकण्याबद्दल काहीतरी समजून घ्यायचं असतं, शिक्षकाला उद्याचा तास घ्यायचा असतो, आणि दोघांना एकमेकांशिवाय पुढे जाता येत नाही. संशोधक नुसता प्रश्नावली वाटून गेला तर ते सर्वेक्षण, त्याला सहयोग म्हणू नये. शाळेनं फक्त मुलं पुरवलेली असतात.

याचं एक ठळक उदाहरण आपल्या नागपूर-इटारसी रेल्वेमार्गाच्या पल्याड घडलं. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक त्यात उतरले. मुलं प्रयोग करून शिकणार होती. त्यामुळे प्रयोग शाळेत फसला की त्याची खबर शास्त्रज्ञांना शिक्षकाकडूनच मिळायची. शिक्षकांच्या मासिक गोष्ठी, म्हणजे बैठका, होत, त्यात काय चाललं, काय अडलं ते मांडलं जाई. १९७८ मध्ये कार्यक्रम अख्ख्या जिल्ह्यात गेला, २००२ मध्ये सरकारनं बंद केला. मला त्यातला गोष्ठीचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. प्राध्यापकानं शिक्षकाकडून ऐकून घेण्यासाठी वेळ राखून ठेवायचा, ही गोष्ट आजही दुर्मीळ आहे.

आता आमच्या शाळेचं. चौथीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. ५२ वजा ३८. अर्ध्या वर्गाचं उत्तर २६. मी इतकी वर्षं याला निष्काळजीपणा म्हणत होतो आणि वर्षाला चार-दोन वेळा ओरडत होतो. मॅडमनी वह्या पाहिल्या आणि म्हणाल्या, हा निष्काळजीपणा नाही, हा नियम आहे. प्रत्येक स्थानावर मोठ्यातून लहान वजा करायचं: पाचातून तीन दोन, आठातून दोन सहा. वजाबाकीतल्या अशा पद्धतशीर चुकांचा अभ्यास ब्राऊन आणि बर्टन यांनी १९७८ मध्येच मांडला होता. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

पण मॅडमच्या तक्त्यात दोनच रकाने होते: बरोबर आणि चूक. त्यांना एक पोट्टा दाखवला, ज्याची आई बाजारात संत्री विकते. वहीत त्याचं उत्तर २६. मग मी तोंडी विचारलं, बावन्न रुपयांतून अडतीसची संत्री घेतली तर किती परत देशील? तो म्हणाला, "सर, अडतीसचे चाळीस कराले दोन, मंग चाळिसाचे बावन्न कराले बारा. चवदा." वहीतला आणि बाजारातला मुलगा एकच, हे त्या तक्त्यात कुठेच मावत नव्हतं.

माझं हे एकट्याचं कृतिसंशोधन असतं तर मी हातच्याचा सराव दुप्पट केला असता आणि गुण वाढले असं लिहून मोकळा झालो असतो. मॅडमचं एकट्याचं संशोधन असतं तर तो मुलगा 'चूक' या रकान्यात गेला असता.

कटकटीही आहेत. मॅडमना मार्चपर्यंत पुरेशी माहिती हवी होती, मला जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. दोन महिने तक्ता अर्धवट राहिला. पालकांची संमती मराठीत घ्यायची, मुलांची नावं अहवालात येऊ द्यायची नाहीत, लेखावर माझं नाव असणार का, हे सगळं आम्ही भांडून ठरवलं. खरं तर पहिल्याच दिवशी ठरवायला हवं होतं. निष्कर्ष इंग्रजीत छापून आले तर वर्गशिक्षकाच्या हाती काय पडणार, हा प्रश्न मी अजून सोडलेला नाही.

तक्त्याला आता तिसरा रकाना आहे: 'तोंडी काय सांगितलं'. तो भरायला फार वेळ लागतो. मागच्या आठवड्यात सात मुलांचाच झाला.