मेंदीच्या पानात लाल रंग नसतोच

श्रावण आणि लग्नसराई जवळ आली की ‘दहा मिनिटांत गडद मेंदी’ असं छापलेले कोन दुकानांत टांगलेले दिसतात. कोन महिनोन्‌महिने दुकानात पडून असतो, तरी कापला की गडद लाल किंवा थेट काळा रंग देतो. मेंदीच्या पानाला यातली एकही गोष्ट जमत नाही. खरी मेंदी दहा मिनिटांत गडद होऊ शकत नाही आणि भिजवल्यावर दुकानाच्या फळीवर महिनाभर टिकूही शकत नाही. ही दोन वाक्यं पटली तर बाजारातला निम्मा धोका आपोआप टळेल. ती पटण्यासाठी मात्र पानाच्या आत डोकवावं लागेल.

मेंदीला रंग देणाऱ्या रेणूचं नाव लॉसोन. झाडाच्या शास्त्रीय नावावरून, म्हणजे लॉसोनिया इनर्मिसवरून, ते पडलं. दहा कार्बन, सहा हायड्रोजन आणि तीन ऑक्सिजन एवढाच त्याचा संसार. पण झाडावरच्या ताज्या, धडधाकट पानात मोकळं लॉसोन जवळजवळ नसतं. तिथे असतात हेनोसाइड नावाचे बिनरंगी रेणू. लॉसोनचा पूर्वज म्हणावा असा एक रेणू ग्लुकोज साखरेला बांधलेला असतो, तो हेनोसाइड. साखर जोडलेली असेपर्यंत त्याला रंगही नाही आणि कशाला चिकटण्याची ताकदही नाही.

झाड असं का करतं, हे कांद्यावरून कळतं. अख्खा कांदा हातात धरला तर डोळ्यांतून पाणी येत नाही. चिरला की येतं, कारण पेशी फुटतात आणि एरवी वेगवेगळ्या ठेवलेल्या दोन गोष्टी एकत्र येतात: एक कच्चा माल आणि दुसरं त्याचं रूपांतर करणारं एन्झाइम. मेंदीतही तेच घडतं. लॉसोन हा आक्रमक रेणू आहे, तो प्रथिनांना धरतो. तो मोकळा ठेवला तर झाडालाच त्रास. म्हणून झाड त्याला साखरेत गुंडाळून ठेवतं, आणि पान कुरतडलं किंवा वाटलं गेलं तरच गुंडाळी सुटते. पाट्यावर पाला वाटणाऱ्या हातांना वाटता वाटताच केशरी छटा येते ती यामुळे.

आता मेंदी भिजवणं म्हणजे काय ते पाहू. सुकलेल्या भुकटीत पाणी पडलं की एन्झाइम आणि आंबटपणा मिळून हेनोसाइडची साखर तोडतात. साखर सुटल्यावर मागे उरतो तो अजून लॉसोन नाही, मधला टप्पा आहे. त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन लॉसोन बनतं. म्हणून भिजवलेल्या मेंदीचा वरचा थर तपकिरी होतो आणि चमच्यानं उकरलं की आत हिरवी दिसते. वरच्या थरातला माल हवेनं खर्चून टाकला, आतला अजून शिल्लक आहे. लिंबू का पिळायचं तेही इथे कळतं. आम्लामुळे साखर तुटायला मदत होते, आणि मधल्या पदार्थाचं ऑक्सिडीकरण मंदावतं. परिणामी तो भांड्यात वाया जाण्याऐवजी हातावर पोचेपर्यंत टिकतो. उकळतं पाणी ओतू नये, कारण त्यानं एन्झाइम निकामी होतं.

याला वेळ लागतो, आणि तो तापमानावर ठरतो. खोलीत ३० अंश सेल्सिअस असेल तर सहा ते आठ तास. विदर्भातल्या मे महिन्यात तीन-चार तासांत काम होतं, डिसेंबरातल्या नाशकात रात्रभर लागू शकते. घड्याळापेक्षा हात खात्रीचा: भिजवलेल्या मेंदीचा वाटाण्याएवढा ठिपका तळव्यावर ठेवा आणि पाच मिनिटांनी पुसा. स्पष्ट केशरी डाग राहिला तर मेंदी तयार. डाग पिवळट, फिका असेल तर अजून थांबा. तयार झालेली मेंदी बाहेर ठेवली तर एक-दोन दिवसांत उतरते, फ्रीजरमध्ये काही महिने टिकते. म्हणजे दुकानाच्या उघड्या फळीवर तीन महिने राहिलेला कोन गडद रंगत असेल, तर तो रंग मेंदीचा नाही, दुसऱ्याच कशाचा तरी आहे.

हातासाठी प्रमाण असं घ्या. वस्त्रगाळ मेंदी ५० ग्रॅम. गाळलेला लिंबाचा रस ६० मिलिलिटर, पाणी साधारण तेवढंच, पण पाणी एकदम ओतायचं नाही, कारण प्रत्येक भुकटी वेगळं पाणी पिते. साखर दोन चहाचे चमचे. आधी घट्टसर भिजवायची, प्लास्टिकचा कागद मेंदीला चिकटेल असा वर दाबायचा, आणि रंग सुटल्यावर थोडं थोडं पाणी घालून पातळ करायची. चमच्यातून रिबिनीसारखी सलग पडली तर ती कोनात चालेल. तुटत पडली तर घट्ट आहे, पडून पसरली तर सैल. साखरेनं रंग गडद होत नाही. तिचं काम एवढंच की मेंदी हाताला धरून राहते आणि लवकर वाळून गळत नाही. त्वचेवर लावल्यावर साखर-लिंबाचे बोळे फिरवतात ते याचसाठी, पण ते दोनदा पुरे. सारखं लिंबू लावलं तर नक्षी ओघळते आणि त्वचा चुरचुरते. निलगिरीचं तेल घालायचं तर एवढ्या मेंदीला दोन चहाचे चमचे, त्याहून जास्त नको. लहान मुलांच्या आणि गरोदर बाईच्या मेंदीत ते मुळीच नको.

भुकटी घेताना रंग बघा: शेवाळी हिरवा असावा. तपकिरी झालेली भुकटी जुनी, तिच्यातला माल पाकिटातच संपलेला. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही आहे, पण सोजतची मेंदीसुद्धा उघडी ठेवली तर वर्षभरात मरते. आणखी एक साधी पारख: चिमूटभर भुकटी काचेच्या ग्लासातल्या पाण्यावर सोडा. क्षणात लालभडक धारा खाली उतरल्या तर तिच्यात कृत्रिम रंग मिसळला असण्याची शंका घ्या. मेंदी इतक्या घाईनं रंग सोडत नाही.

आता सगळ्यात सुंदर भाग. मेंदी त्वचेवर रंगाचा लेप देत नाही, तिथल्या प्रथिनाशी जोडली जाते. त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर, नखं आणि केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. लॉसोनमध्ये अणूंच्या दोन कड्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. त्यातल्या एका कडीत कार्बनला जोडलेले ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतात. ती ओढ शेजारच्या कार्बन-कार्बन दुहेरी बंधापर्यंत पोचते आणि तिथला एक कार्बन इलेक्ट्रॉनला भुकेला राहतो. केराटिनच्या साखळीत ठिकठिकाणी अमिनो गट असतात, त्यांच्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते. गंधक असलेले गटही असतात. मोकळी जोडी भुकेल्या कार्बनकडे सरकते आणि दोघांमध्ये सहसंयुज बंध, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेणारा पक्का जोड, तयार होतो. रसायनशास्त्रात या प्रकाराला मायकेल संयोग म्हणतात, आणि मेंदीच्या पक्केपणाचं रूढ स्पष्टीकरण हेच आहे. बंध साबणानं तुटत नाही. केराटिनच गळून पडलं की रंग जातो.

म्हणून मेंदी लोकरीला आणि रेशमाला छान धरते, कारण दोन्ही प्रथिनं. सुती कापड सेल्युलोजचं, त्यावर तिचा रंग फिकाच बसतो. तळव्याचा मृत थर हाताच्या पाठीपेक्षा कित्येक पट जाड, म्हणून तळवा गडद आणि मनगटाच्या वर नक्षी फिकी. त्वचेचा थर गळत राहतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हात साफ. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं आणि गळत नाही, त्यामुळे नखावरचा रंग कापून काढेपर्यंत राहतो.

मेंदी काढल्यावर हात केशरी दिसतो आणि नवऱ्या मुलीच्या घरात कुरकुर सुरू होते. रंग २४ ते ४८ तासांत केशरीवरून तपकिरीकडे जातो, कारण त्वचेत शिरलेल्या रेणूंचं ऑक्सिडीकरण चालूच असतं. म्हणून लग्नाची मेंदी आदल्या दिवशी लावू नये, दोन दिवस आधी लावावी. हातावर सहा तास तरी ठेवावी, खरवडून काढावी, आणि पुढचे १२ तास पाण्यापासून लांब राहावं. मोहरीचं तेल लावतात ते पाणी अडवण्यासाठी. तव्यावर लवंगा टाकून हात शेकतात, त्यात ऊब कामाची. चुना लावून रंग गडद करण्याची पद्धत मात्र सोडा. अल्कलीमुळे रंग गडद होतो, पण चुना त्वचा जाळतो.

मेंदी जास्त रंगली म्हणजे नवऱ्याचं किंवा सासूचं प्रेम जास्त, ही समजूत हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण फिकी रंगली म्हणून भर मांडवात मुलीला टोमणे ऐकावे लागतात. तिच्या तळव्याच्या त्वचेची जाडी, हाताचं तापमान आणि भुकटीचं वय यांच्याशी सासरच्या मायेचा काहीही संबंध नाही. ‘उष्ण प्रकृतीला मेंदी रंगते’ या म्हणण्यात तेवढं खरं आहे की गरम हातांवर रासायनिक क्रिया वेगानं होते.

केसांच्या मेंदीत घराघरांत होणारी चूक म्हणजे दही आणि अंडं. लॉसोन प्रथिनाला धरतं हे एकदा कळलं की चूक लगेच दिसते. अंड्यातलं आणि दह्यातलं प्रथिन भांड्यातच लॉसोन पकडतं, केसांपर्यंत उरलेलं पोचतं. तेल घातलं तर केसाभोवती आडोसा तयार होतो. बिटाचा रंग पहिल्या धुण्यात जातो. कॉफीचाही टिकत नाही. केसांसाठी १०० ग्रॅम मेंदी, ३०० मिलिलिटरच्या आसपास कोमट पाणी, दोन लिंबांचा रस, एवढंच पुरतं. लोखंडी कढईत रात्रभर ठेवली की मेंदी काळपट होते, कारण तिच्यात घातलेल्या आवळ्यातलं किंवा चहातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लॉसोन लोहाशी गडद संयुगं बनवतात. छटा थोडी खोल होते, पण पुढे पार्लरमध्ये पेरॉक्साइड असलेला रंग किंवा ब्लीच करायचं असेल तर कढई टाळा. धातूच्या अंशामुळे पेरॉक्साइड झपाट्यानं विघटित होतं, केस तापतात आणि तुटतात.

मेंदी काळ्या केसांना उजळ करत नाही आणि पांढऱ्यांना काळं करत नाही. पांढरा केस तांबूस होतो, काळ्यावर उन्हात तांबूस झाक दिसते. काळा हवा तर मेंदीवर निळीचा दुसरा हात द्यावा लागतो. ही नीळ म्हणजे इंडिगोफेरा टिंक्टोरियाच्या पाल्याची भुकटी, जिच्या सक्तीच्या लागवडीविरुद्ध १९१७ मध्ये चंपारणचा सत्याग्रह झाला तेच पीक. कपड्यांना घालायची नीळ ही वेगळी वस्तू आहे, ती चुकूनही केसांना लावू नका.

नीळही मेंदीचीच युक्ती वापरते. तिच्या पानात निळा रंग नसतो, इंडिकन नावाचा बिनरंगी रेणू असतो, तोही ग्लुकोजला बांधलेला. साखर सुटली की इंडॉक्सिल तयार होतं आणि हवेत दोन इंडॉक्सिल जोडून निळा इंडिगो बनतो. फरक घड्याळाचा. निळीला आम्ल नको आणि तास तर मुळीच नकोत. १०० ग्रॅम भुकटीत चमचाभर मीठ आणि कोमट पाणी घालून दाट दह्याइतकी सैल करा, १० ते १५ मिनिटं थांबा, वर निळसर तवंग दिसला की लगेच लावायला घ्या. अर्ध्या-पाऊण तासात बराचसा इंडिगो भांड्यातच बनून बसतो, आणि बनलेला इंडिगो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे केसात शिरत नाही. इंडॉक्सिल केसात शिरून तिथे इंडिगो झालं तरच ते अडकून राहतं. म्हणून निळीत लिंबू पिळणं आणि मेंदीसोबत रात्रभर भिजवणं या दोन चुकांनीच बहुतेकांचे केस जांभळट किंवा नुसतेच तांबडे राहतात. भुकटी हिरवी हवी. पाकिटातच निळी-करडी पडलेली असेल तर तिच्यातलं काम आधीच उरकलेलं आहे.

दुकानात ‘काळी मेंदी’ म्हणून मिळते ती बहुधा ही मेंदी-निळीची जोडी नव्हे. त्यात पॅरा-फेनिलीनडायअमीन नावाचं रसायन असतं, आणि काही कोनांतही तेच असतं. केसांच्या रंगात त्याला मर्यादेत परवानगी आहे, त्वचेवर थेट लावायला युरोपात आणि अमेरिकेत नाही. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००६ चा ‘वर्षाचा अॅलर्जीकारक’ म्हणून त्याचीच निवड केली होती. नक्षीच्या रेषेवर फोड येतात, व्रण राहतात, आणि एकदा अॅलर्जी जडली की ती बहुधा जन्मभराची. पुढे केसांचा रंग, बेंझोकेन असलेलं बधिरीकरणाचं मलम, सल्फा औषधं यांवरही शरीर उसळू शकतं. केसांसाठी आणलेल्या पाकिटावर हे नाव शोधा. ‘केमिकल-फ्री’ या शब्दाला काही अर्थ नाही, लॉसोनही रसायनच आहे. घटकांची यादी नसलेला कोन घेऊच नका. नवी भुकटी कोणतीही असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून ४८ तास पाहा.

अस्सल मेंदीचाही एक धोका आहे. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना मेंदी लावल्यावर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्याच्या नोंदी आहेत, कारण कोवळ्या त्वचेतून लॉसोन रक्तात उतरतं. कमतरता आहे की नाही हे बाळाकडे पाहून कळत नाही. तान्ह्या मुलांच्या तळव्यांना हौसेनंसुद्धा मेंदी फासू नका.

केसांचा क्रम आता सोपा आहे. मेंदी दोन ते चार तास, नुसत्या पाण्यानं धुणं, मग नीळ एक ते दोन तास, पुन्हा नुसतं पाणी. शिकेकाई किंवा शाम्पू दोन दिवसांनी. पहिल्या रात्री पांढऱ्या केसांवर हिरवट-निळी झाक दिसते, तिला घाबरून लगेच दुसरा हात देऊ नका. उरलेलं इंडॉक्सिल हवा घेत असतं, ४८ तासांत रंग तपकिरी-काळ्यावर येतो. तोवर उशीला जुना अभ्रा घाला.