फाईल दिसते, पण पुसता येत नाही: दोन कंटेनरना एकच फोल्डर देताना

‘नेक्स्टक्लाउडवर आलेली बिलं दुसऱ्या कंटेनरमध्ये दिसतात, उघडतातही, पण हलवायला गेलं की परमिशन डिनाइड. मालकाच्या जागी नोबडी असं काहीतरी लिहून येतं. रूटने लॉगिन केलं तरी तेच.’

अशा अर्थाचा फोन आम्हाला, म्हणजे लोकांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना, नेहमी येतो. नेक्स्टक्लाउड म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर फाईली ठेवण्याची सोय, कंटेनर म्हणजे एकाच सर्व्हरवरचे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले कप्पे, आणि रूट म्हणजे सर्वाधिकार असलेला युजर. सर्व्हर बिघडलेला नसतो आणि फाईलही खराब नसते. एका कंटेनरमध्ये कुणी शिरलंच तर त्याला शेजारच्या कंटेनरला हात लावता येऊ नये, म्हणून आम्ही जी व्यवस्था करून ठेवतो, तीच इथे आडवी येते.

शाळा आठवा. पाचवी अ मध्ये ३३ हजेरी क्रमांकाचा मुलगा असतो, पाचवी ब मध्येही असतो. बाईंनी वर्गात ‘तेहतीस’ म्हटलं की कोणी उभं राहायचं हे त्या त्या वर्गाला ठाऊक. ऑफिसातल्या जनरल रजिस्टरमध्ये मात्र दोघांचे क्रमांक वेगळे, आणि दाखल्यावर चढतो तो रजिस्टरचा क्रमांक. कंटेनर म्हणजे वर्ग, लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हे जनरल रजिस्टर. युजर नेमस्पेस नावाची ही सोय २०१३ च्या कर्नल ३.८ पासून पूर्णपणे वापरता येऊ लागली.

आता आकडे पाहू. आमच्या इन्कस (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर प्रत्येक कंटेनरला ६५,५३६ क्रमांकांचा स्वतंत्र पट्टा मिळतो. समजा पहिल्याचा पट्टा १०,००,००० पासून सुरू होतो आणि दुसऱ्याचा १०,६५,५३६ पासून. डेबियन लिनक्समध्ये वेब सर्व्हरचा युजर ३३ क्रमांकाचा असतो. पहिल्या कंटेनरमधल्या ३३ ने फाईल लिहिली की डिस्कवर मालक म्हणून १०,००,०३३ नोंदला जातो. दुसऱ्या कंटेनरमधला ३३ म्हणजे बाहेरचा १०,६५,५६९. त्याच्या पट्ट्यात १०,००,०३३ हा आकडाच नाही, म्हणून कर्नल त्याच्या जागी ६५,५३४ दाखवतो, आणि त्याचंच नाव नोबडी. दुसऱ्या कंटेनरचा रूट झाला तरी तो आपल्या वर्गाचा मॉनिटर. दुसऱ्या वर्गातल्या मुलाचा दाखला त्याला बदलता येत नाही. वाचता मात्र येतं, कारण बहुतेक फाईली ६४४ परवानगीने तयार होतात आणि ‘इतरांना’ वाचनाची मुभा असते.

यावर हमखास केला जाणारा उपाय म्हणजे चमॉड ट्रिपल सेव्हन, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या. कृपया करू नका. एक तर तो टिकत नाही: उद्या येणारी फाईल पुन्हा ६४४ नेच येते. शिवाय त्या फोल्डरपर्यंत पोहोचणाऱ्या कुणालाही लिहायची मोकळीक मिळते. कंटेनर प्रिव्हिलेज्ड करून टाकणं तर आगीतून फुफाट्यात. तिथे आतला रूट हाच बाहेरचाही रूट. चाऊन करून मालक बदलला तर दुसऱ्याचं काम होतं, पण पहिल्याची फाईल त्याच्या हातून जाते आणि संध्याकाळी तिकडून फोन येतो.

आमची पहिली पसंती आयडीमॅप्ड माउंटला असते, म्हणजे फोल्डर जोडतानाच क्रमांकांची अदलाबदल करून घेण्याला. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या कर्नल ५.१२ मध्ये ही सोय आहे. इन्कसमध्ये डिस्क जोडताना शिफ्ट नावाचा पर्याय चालू केला की ती वापरली जाते. मग डिस्कवर सरळ ३३ लिहिलं जातं आणि दोन्ही कंटेनरना ३३ च दिसतं. पूर्वी लाखो फाईलींचे मालक एकेक करून बदलावे लागत, ते आता लागत नाही. मात्र एक धोका सांगायलाच हवा. आतल्या रूटने लिहिलेली फाईल डिस्कवर खऱ्याखुऱ्या रूटच्या नावावर चढते. म्हणून असं फोल्डर आम्ही फक्त रूटला उघडता येईल अशा फोल्डरच्या पोटात ठेवतो आणि नोसुइड (फाईल चालवणाऱ्याला तिच्या मालकाचे अधिकार मिळू न देणारा पर्याय) लावूनच माउंट करतो, म्हणजे जोडतो.

हा मार्ग सगळीकडे चालत नाही; डिस्कवर कोणती फाईलसिस्टम (फाईली मांडून ठेवण्याची पद्धत) आहे त्यावर ते ठरतं. एक्सटी४ आणि एक्सएफएसवर तो ५.१२ पासून आहे, बीटीआरएफएसवर ५.१५ पासून, झेडएफएसवर ओपनझेडएफएस २.२ पासून. ऑफिसातला नॅस (नेटवर्कवरची समाईक साठवण) एनएफएस पद्धतीने जोडला असेल तर मात्र नाही. तिथे आम्ही दोन्ही कंटेनरमध्ये एक समाईक ग्रुप, उदाहरणार्थ २०००, जसाच्या तसा आत घेतो. लिहिणाऱ्या युजरना त्या ग्रुपमध्ये टाकतो, फोल्डरला सेटजीआयडी देतो, म्हणजे नव्या फाईलींना फोल्डरचाच ग्रुप मिळतो, आणि उमास्क ००२ ठेवतो, म्हणजे त्या ग्रुपला लिहिताही येतं. जुनी पद्धत आहे, पण भरवशाची. एखादं सॉफ्टवेअर स्वतःचाच उमास्क लावून बसलं तर तेवढं वेगळं पाहावं लागतं.

आणखी एक घोळ याच आजारासारखा दिसतो. पट्टे जुळवले तरी हजेरी क्रमांकच वेगळे असू शकतात: डेबियनचा वेब युजर ३३, अल्पाइन या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेल्या पीएचपी इमेजमधला (कंटेनरच्या तयार साच्यातला) ८२. इथे शिफ्ट काही करू शकत नाही; एका बाजूचा क्रमांक बदलावा लागतो किंवा वरचा ग्रुप वापरावा लागतो. तुम्ही स्वतः पॉडमन (कंटेनर चालवणारं दुसरं साधन) चालवत असाल तर व्हॉल्यूमला, म्हणजे जोडलेल्या फोल्डरला, लावायच्या कॅपिटल ‘यू’ पासून जपा. तो फोल्डरचे मालक त्या कंटेनरप्रमाणे बदलून टाकतो. एकाच कंटेनरचं फोल्डर असेल तर उत्तम. दोघांच्या फोल्डरवर जो शेवटी सुरू होईल त्याची सत्ता.

तक्रार कळवताना स्क्रीनशॉटपेक्षा आम्हाला दोन्ही कंटेनरमधून ‘एलएस मायनस एलएन’ चं आउटपुट पाठवा. त्यातला ‘एन’ महत्त्वाचा, कारण त्याने नावांऐवजी आकडे दिसतात आणि निम्मं निदान तिथेच होतं. कोणता कंटेनर लिहितो, कोणता फक्त वाचतो, हेही लिहा. एकाला नुसतंच वाचायचं असेल तर आम्ही फोल्डर त्याला रीड-ओन्ली देतो आणि बरीच कटकट वाचते.

जुन्या फोल्डरचे क्रमांक बदलताना दोन्ही कंटेनर बंद ठेवावे लागतात आणि आधी बॅकअप घेतला जातो. हे काम आम्ही रविवारी सकाळी करतो. कर सल्लागारांच्या सर्व्हरवर महिन्याच्या २० तारखेच्या आधीचा रविवार मात्र घेत नाही. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र भरून होऊ दे, मग बघू.