बारा मिलिमीटरची दुमड

गाडीत एकटा चालक असतो तोवर सगळं ठीक असतं. मग एखाद्या रविवारी मागच्या सीटवर तीन माणसं बसतात, डिकीत दोन बॅगा जातात, गाडी गतिरोधकावरून खाली उतरते आणि मागच्या चाकाकडून आवाज येतो : खर्रर्र. मूळ चाकं काढून रुंद अलॉय आणि रुंद टायर बसवलेल्यांना हा आवाज चांगला ओळखीचा असतो. चाक काढून बघितलं, तर टायरच्या खांद्यावर सुरीने ओढल्यासारखी सरळ रेघ दिसते.

ती रेघ कशाने पडली हे बघायचं तर चाकाच्या वरच्या कमानीखाली बोट फिरवा. फेंडरचा पत्रा काठाशी संपत नाही, तो काटकोनात आत वळतो. (फेंडरला आपल्याकडे बरेच जण अजून मडगार्डच म्हणतात. मला तोच शब्द जास्त प्रामाणिक वाटतो, पण त्याकडे नंतर येऊ.) ही आत वळलेली दुमड साधारण 10 ते 15 मिलिमीटरची असते आणि ती तिथे उगाच नसते. वहीचा कागद एका टोकाला धरला की लोंबतो. त्याच कागदाचा लांब काठ दुमडा, तो ताठ उभा राहतो. फेंडरचा पत्रा असतो जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. दुमड नसेल तर वेगात तो थरथरेल आणि हात टेकला तरी आत जाईल. म्हणजे टायर कापणारी ही कडच पत्र्याला ताठ ठेवते.

टायर तिथवर पोचतो कसा, याचा हिशेब चाकाच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. समजा मूळ चाकावर ‘7जे ईटी45’ लिहिलंय. 7 म्हणजे रिमची रुंदी इंचांत, ‘जे’ ही रिमच्या काठाच्या आकाराची खूण. ईटी म्हणजे ऑफसेट : रिमच्या मध्यरेषेपासून, चाक जिथे हबला (ज्यावर ते बोल्टने कसतात त्या भागाला) टेकतं तो पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे. आता कुणी हौसेने ‘8जे ईटी35’ आणलं. रुंदी एक इंच, म्हणजे 25.4 मिमी वाढली. ती दोन्हीकडे निम्मी निम्मी, 12.7 मिमी. ऑफसेट 10 मिमीने घटला, म्हणून अख्खं चाक तेवढं बाहेर सरकलं. बाहेरची कड गेली 22.7 मिमी बाहेर, आतली मात्र शॉकअपकडे फक्त 2.7 मिमी सरकली. दुकानात ‘फक्त एक इंच रुंद’ म्हणून विकलेलं चाक कमानीच्या बाजूने जवळपास तो सगळा इंच खातं.

शिवाय गाडी उभी असताना मोजलेली जागा फसवी असते. चाक वर-खाली होतं, पुढचं चाक वळतं, आणि बऱ्याच सस्पेन्शनमध्ये वर जाताना चाकाचा माथा किंचित आत कलतो. त्यामुळे कमानीत टायरची नव्हे, टायर जिथे जिथे जाऊ शकतो त्या सगळ्या जागेची सोय करावी लागते. जाणकार कारागीर स्प्रिंग काढून ठेवतो, जॅकने चाक पार वरपर्यंत उचलतो आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. टेपने मोजण्यापेक्षा हे कितीतरी खरं.

थोडंसंच घासत असेल, तर पहिला उपाय म्हणजे ती दुमड वर वळवून पत्र्याच्या आतल्या अंगाला चपटी चिकटवणं. चाक काढून हबवर एक दांडा बसवतात. दांड्याच्या टोकाला कडक रोलर असतो. तो कमानीवरून पुढे-मागे फिरवत, दर फेरीला किंचित दाब वाढवत दुमड वर ढकलायची. सोबत सतत हीट गन चालू. बघणाऱ्याला वाटतं, पत्रा मऊ करण्यासाठी तापवताहेत. पत्र्याला त्या उष्णतेची दखलही नसते. पोलाद खरंच मऊ पडायला काहीशे अंश लागतात आणि इथे तापमान असतं हात टेकवणार नाही इतपत. ती सगळी उठाठेव रंगासाठी आहे. रंगाचा थर हा पॉलिमर. थंड असताना तो काचेसारखा ठिसूळ असतो, ऊब मिळाली की रबराकडे झुकतो.

पण वळवताना रंगाला ताणायचं कारण काय? इथली भूमिती मला फार आवडते. कमानीची त्रिज्या 330 मिमी आणि दुमड 12 मिमीची धरू. दुमड आत वळलेली असताना तिचा मोकळा काठही 330 मिमी त्रिज्येच्याच वर्तुळावर असतो. ती वर वळवली की तोच काठ 342 मिमीच्या वर्तुळावर जातो. वर्तुळ मोठं झालं, काठाला लांब व्हावंच लागतं, सुमारे 3.6 टक्क्यांनी. साधं पोलाद हजारात एक भाग ताणलं, तोवरच सोडल्यावर मूळ लांबीवर येतं. आपण त्याच्या पस्तीसपट ताणतोय. पोलाद तुटत नाही, तुटायच्या आधी ते वीस-तीस टक्के ताण सहज सोसतं. पण ताणलेला काठ मुकाट बसत नाही, तो बाहेरच्या पत्र्याला आपल्याकडे ओढतो. घाई केली की फेंडरवर पाण्यावरच्या लाटांसारखे चढउतार उमटतात आणि तिरप्या उन्हात ते लपत नाहीत. मग डेंटरकडे जायचं आणि लांबी (पुट्टी) भरून घ्यायची.

शिवाय हा पत्रा कारखान्यात दाबला तेव्हा होता तेवढा मऊ आता राहिलेला नसतो. अनेक गाड्यांच्या बाहेरच्या भागांसाठी एक खास पोलाद वापरतात. साच्यात दाबताना ते नरम असतं. नंतर रंग पक्का करण्यासाठी सांगाडा भट्टीतून जातो, सुमारे 170 अंश सेल्सिअसला वीसेक मिनिटं. त्या उष्णतेत पोलादात विरघळलेले कार्बनचे मोजके अणू सरकतात आणि दाबताना स्फटिकांत पडलेल्या दोषरेषांपाशी जाऊन बसतात. धातू वाकतो तो याच रेषा सरकल्याने. दारात पाचर ठोकावी तसे हे अणू त्या अडवतात आणि पत्रा कडक होतो. पार्किंगमध्ये कुणाचं कोपर लागून पोचा पडू नये म्हणून केलेली ही सोय, रोलर फिरवणाऱ्याच्या मात्र आड येते.

पुढचा फेंडर निदान बोल्टवर बसवलेला असतो. बिघडला तर दुसरा आणता येतो. मागे तसं नाही. तिथे बाहेरचा पत्रा आणि आतली चाकाची पेटी काठाशी एकत्र स्पॉट वेल्ड केलेली असतात, मध्ये सीलंटची रेघ असते. दुमड वळवताना ती रेघ फाटली तर पाणी दोन पत्र्यांच्या मधे शिरतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात पुढे काय होतं, हे रत्नागिरी-मालवणकडच्या गाडीवाल्यांना सांगायला नको. गंज आतून येतो. बाहेर पहिला फोड दिसतो तेव्हा आतलं काम झालेलं असतं.

दुमड वळवूनही जागा पुरेना, तर फेंडरच रुंद करावा लागतो. पोर्शेने ते कारखान्यातच केलं. ऑक्टोबर 1972 मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात दाखवलेल्या 911 कॅरेरा आरएस 2.7 ला पुढे 6 इंची आणि मागे 7 इंची रिम होती. त्यासाठी मागचा भाग 42 मिमीने रुंद केला. शर्यतीच्या नियमासाठी अशा 500 गाड्या विकल्या जाणं गरजेचं होतं. प्रत्यक्षात 1,500 हून जास्त गेल्या. निसानने स्कायलाइन जीटी-आरसाठी निराळा, काहीसा निर्दयी मार्ग घेतला. साध्या स्कायलाइनच्या मागच्या चाकावरून एक ऐटदार उठावाची रेघ जात असे. शर्यतीचे टायर मावावेत म्हणून जीटी-आरमध्ये कमान वर कापली आणि ती रेघ मधेच तुटली. 1970 च्या दोन दारी आवृत्तीत वरून काळी, वेगळी कमान बसवली. आज लोक साध्या स्कायलाइनला तशीच कमान लावून मिरवतात, म्हणजे आधी व्रण आला आणि मग त्याचा दागिना झाला.

आणि एवढं करून रुंद टायर जास्त जमीन धरतो का? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. 1,200 किलोच्या गाडीत एका चाकावर साधारण 300 किलो भार येतो. टायरमध्ये 32 पीएसआय हवा असेल, तर तो भार पेलायला सुमारे 133 चौरस सेंटीमीटर जागा पुरते, मोठ्या माणसाच्या हाताच्या पंजाएवढी. टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर जमिनीवरचा ठसा फारसा मोठा होत नाही. फक्त त्याचा आकार बदलतो : लांबट होता, तो आडवा होतो. वळणावर याचा उपयोग होतो. रबराचा प्रत्येक तुकडा ठशात पुढून शिरतो आणि मागे सरकेपर्यंत बाजूला ताणला जातो. ठसा आखूड असला की तो तुकडा घसरण्याआधीच जमीन सोडतो. स्टेअरिंगला मिळणारा तो चटपटीतपणा इथून येतो.

पावसात हिशेब उलटतो. रस्त्यावर 3 मिमी पाणी आणि वेग ताशी 80 किमी असेल, तर 15 सेंटीमीटर रुंद ठशाच्या वाटेत सेकंदाला 10 लिटर पाणी येतं, 18 सेंटीमीटरच्या वाटेत 12 लिटर. जवळजवळ एक बादली दर सेकंदाला बाजूला सारायची, तीही आखूड ठशातून, म्हणजे आणखी कमी वेळात. आपल्या जुलैत मी अरुंद टायरच पत्करीन.

मडगार्ड या शब्दाकडे आता येतो. टायर फेंडरच्या बाहेर डोकावला की चिखल, खडी, पाणी दारांवर आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडतं. म्हणून युरोपच्या 1978 च्या नियमाने चाकाच्या मध्यापासून पुढे 30 आणि मागे 50 अंशांपर्यंत टायरची पूर्ण रुंदी झाकायला सांगितलं. जपानने 2017 मध्ये टायरला त्या भागात 10 मिमीपेक्षा कमी डोकावण्याची मुभा दिली. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 आहे. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही, असं ते सांगतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. आतल्या आत वळवलेली दुमड बाहेरून दिसतही नाही. कापून रुंद केलेली कमान मात्र नाक्यावर लांबूनच दिसते.