बोलताना पाय थबकतात तेव्हा

१९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनमधल्या संशोधकांचा एक छोटासा अभ्यास छापून आला. वृद्धनिवासातल्या ५८ जणांबरोबर कुणीतरी चालायचं आणि वाटेत सहज बोलणं काढायचं, एवढीच चाचणी. त्यातले १२ जण उत्तर देण्यासाठी जागेवर थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. चालता चालता बोलत राहिलेल्या ४६ पैकी ११. ना यंत्र, ना रक्ततपासणी. तरी कोण पडण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बऱ्यापैकी आला. उतारवयात ताई ची (संथ हालचालींची चिनी युद्धकला) किंवा कराटे शिकून काय साधतं, हे समजून घ्यायला इथूनच सुरुवात करावी.

चालणं ही फक्त पायांची गोष्ट नव्हे, हे यातून चांगलं कळतं. तरुणपणी चालण्याचा बराचसा कारभार मेंदूचे खालचे भाग आणि मज्जारज्जू परस्पर उरकतात. वय वाढलं की तळव्यांची जाणीव, नजर आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मंदावते. मग कपाळामागचा, लक्ष देण्याचं काम करणारा भाग प्रत्येक पावलात हात घालू लागतो. त्याच वेळी कुणी प्रश्न विचारला की त्या एकाच भागावर दोन कामं येऊन पडतात.

युद्धकलांचा सराव नेमका इथेच ताण देतो. ताई चीतलं एक साधं पाऊल पाहा. आधी सगळं वजन उजव्या पायावर घ्यायचं, इतकं की डावा पाय पूर्ण रिकामा व्हावा. मग डावी टाच अलगद पुढे टेकवायची, अजून वजन न देता. आता हळूहळू वजन पुढे न्यायचं आणि त्याचबरोबर कंबर वळवायची. हात दोन वेगळ्या दिशांना जातात आणि नजर पुढच्या हातामागे. घाईत ढकलून द्यायची सोय नाही, कारण सगळं संथ आहे. तोल कुठे डळमळला ते लगेच उघडं पडतं. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने सर्वसामान्यांसाठी बसवलेल्या सोप्या क्रमातही अशा २४ हालचाली आहेत आणि त्या ओळीने लक्षात ठेवाव्या लागतात. कराटेतल्या ‘काता’चंही, म्हणजे ठरावीक हालचालींच्या क्रमाचंही, तसंच. कुठल्या पवित्र्यानंतर कुठे वळायचं, हे विसरलं तर माणूस भलत्याच दिशेला तोंड करून उभा राहतो. ही फजिती सगळ्यांचीच होते, आणि माझ्या मते शिकण्याचा खरा भाग तोच.

पण याने मेंदू खरोखर तल्लख होतो का? इथे उत्साहाला थोडा लगाम घालावा लागतो. २०११ मधला एक अभ्यास वारंवार सांगितला जातो. १२० वयस्कांपैकी निम्म्यांनी वर्षभर दमदार चाल ठेवली, तर त्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीशी निगडित भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसते ताणाचे (अंग ताणायचे, स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांचा मात्र आक्रसला. सहसा सांगायचं राहतं ते असं, की स्मृतीच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले आणि चालणारे काही पुढे गेले नाहीत. त्यानंतर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या माणसांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. दोन वर्षं चालणं, ताकद आणि लवचिकतेचे व्यायाम करूनही, आरोग्यावरची व्याख्यानं ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांची बुद्धी सरस ठरली नाही.

म्हणूनच २०२३ चा ताई चीवरचा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. स्मरणशक्तीची तक्रार असलेले किंवा सौम्य बौद्धिक ऱ्हास झालेले ३१८ जण, २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा, घरबसल्या व्हिडिओवर वर्ग. एका गटाला ताणाचे व्यायाम, दुसऱ्याला नेहमीची ताई ची, तिसऱ्याला ताई ची करतानाच डोकं चालवायला लावणारी कामं, म्हणजे हालचाल चालू ठेवून शब्दाची अक्षरं उलट क्रमाने म्हणणं वगैरे. बुद्धीच्या ३० गुणांच्या चाचणीत तिसरा गट नेहमीच्या ताई चीपेक्षा १.५ आणि ताणाच्या व्यायामापेक्षा २.८ गुणांनी पुढे निघाला. एकाच अभ्यासावर इमले बांधू नयेत हे खरं. पण स्वीडनमधल्या त्या बारा जणांना जे जमलं नाही, त्याचाच हा सराव आहे.

यावरून मी एक निष्कर्ष काढतो, आणि तो माझा आहे, कुठल्या चाचणीचा नव्हे: क्रम अंगवळणी पडला की नवा घ्यावा, किंवा तोच उलट बाजूने करावा. डोळे मिटून होणारा क्रम तोल आणि सांध्यांसाठी चांगलाच, पण डोक्याला त्यात फारसं काम उरत नाही. ज्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेलाच आहे त्यांनी मात्र व्यायामाकडून तो रोखण्याची आशा धरू नये. ब्रिटनमध्ये ४९४ रुग्णांना जोरकस व्यायाम देऊन पाहिला (२०१८). अंगातली ताकद वाढली, बुद्धीची घसरण थांबली नाही.

आणि डोक्यावर मार बसेल असा सराव सरळ टाळावा. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूला वारंवारच्या ठोशांनी होणारी इजा १९२८ पासून वैद्यकाच्या नोंदीत आहे. सत्तरीपुढच्या माणसाने वर्गात नाव घालताना शिक्षकाला तीन गोष्टी विचाराव्यात: जोडीचा सराव न मारता होतो का, गुडघ्याला न झेपणारा पवित्रा उंचावून घेता येईल का, आणि पहिले काही आठवडे भिंतीजवळ उभं राहायला जागा मिळेल का. हृदयविकार, चक्कर किंवा ठिसूळ हाडं असतील तर त्याआधी डॉक्टरांना.